मेट्रनमावशींचं झाकण

किस्से डब्यांसारखे असतात. ओट्याखालच्या कप्प्यात एकेक ढकलत राहायचं, नंतर बघू म्हणायचं, आणि एक दिवस साधा चमचा शोधायला दार उघडलं की सगळे धडाधड पायावर! माझं गेल्या आठवड्यात तेच झालं.

निमित्त असं. आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे मेट्रनमावशी. हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झाल्या. खरं नाव सुशीला, पण ते आधार कार्डाशिवाय कोणाला माहीत नसावं. चौदा वर्षं त्याच अध्यक्षा. आता गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. मावशी म्हणाल्या, "दुसरी कोणी उभी राहिली की बंद." आणि मंडळातल्या सगळ्या बायकांनी, ज्यांचं चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही, एकदम बोट दाखवलं ते माझ्याकडे!

माझ्याकडे! मी स्नेहल. मूळची मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधली, लग्न करून नाशकात आलेली. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जंतू मला नावानिशी माहीत. अडीच वर्षांची मुलगी जोआना, घरात जोजो. तिचं अंग जरा गरम लागलं की मी तीन थर्मामीटर लावते आणि तिन्हींची सरासरी काढते. अशी बाई अध्यक्षा?

रविवारच्या उपासनेनंतर हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हटलं तर मावशी घरोघरचे जिने चढतच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक. हो म्हटलं तर... म्हणून मी बुधवारी वही घेऊन बसले. वर लिहिलं, 'मला हे का जमणार नाही.' खाली कारणं लिहायची होती. लिहिले गेले ते सगळे मावशींचेच किस्से.

*

पहिला तर मी त्यांना ओळखतही नव्हते तेव्हाचा.

जोजो दोन महिन्यांची. माझा नवरा आशिष सिन्नरच्या कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मी चार-पाच रविवार चर्चला गेले नव्हते. का, ते सांगता येत नव्हतं. बाळ झोपलं की मी रडायचे आणि बाळ रडलं की त्याला साथ द्यायचे.

एका दुपारी बेल वाजली. दारात कडक स्टार्चची पांढरी साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि हातात स्टीलचं एक झाकण.

"जय ख्रिस्त. हे झाकण तुझं का बघ."

मी गार! ना ओळख ना पाळख! पण आवाजच असा की माणूस आधी 'येस सिस्टर' म्हणतो आणि मग विचार करतो. मी झाकण घेतलं. बाळ माझ्या खांद्यावर किंचाळत होतं.

"त्याला दे इकडे. सावकाश बघ."

आता खरं तर मी चर्चमधल्या कुठल्याच प्रीतिभोजनाला, म्हणजे एकत्र जेवणाला, भांडं नेलं नव्हतं, म्हणजे माझं झाकण हरवायचा प्रश्नच नव्हता. पण मी अशी की कोणी संशयाने पाहिलं तरी स्वतःची पर्स तपासते. मी ते झाकण घरातल्या प्रत्येक पातेल्यावर लावून पाहिलं. कुकरवर पाहिलं. चहाच्या भांड्यावर तर दोनदा पाहिलं. बाहेर आले तेव्हा बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलेलं, आणि सोफ्यावरच्या दुपट्यांच्या ढिगाऱ्याच्या सगळ्या घड्या झालेल्या! हॉस्पिटलच्या चादरींसारख्या, कोपऱ्याला कोपरा.

मला पहिला धक्का कशाचा बसला असेल? की ह्या बाईंनी बाळाला घेण्याआधी हात सॅनिटाइझ केले नव्हते! कपाळ माझं.

"नाही बसत कशावर," मी म्हटलं.

"बरं. पुढच्या आठवड्यात परत विचारते."

"अहो, पण माझं नाहीच ना ते!"

"आठवड्यात एखादं नवीन भांडं घेशील," असं म्हणून त्या जिना उतरल्यासुद्धा!

नंतर कळलं. तीन रविवार जो दिसत नाही त्याच्या दारात ते झाकण उभं राहतं. आमच्याकडे 'बरी आहेस ना' असं कोणी विचारत नाही, 'झाकण येऊन गेलं का' असं विचारतात. ते मूळचं कोणाचं, यावर मात्र मंडळात तीन पंथ. एक म्हणतो, फार पूर्वीच्या नाताळच्या जेवणात राहिलं. दुसरा म्हणतो, ज्यांचं होतं ते पुण्याला गेले. तिसरा पंथ म्हणजे लीलाकाकू, एकट्याच. त्या म्हणतात, "हॉस्पिटलातलं असणार. लिहून घ्या!" त्याच्यावर नाव नाही, एवढंच खरं.

*

मी परत चर्चला जायला लागले तो पहिला रविवार. पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले आणि जोजोने सूर लावला. सगळ्या माना वळल्या. मी घामाघूम. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून पांढरी साडी तरातरा आली, हात पुढे केले, "आण." बाळ घेऊन बाहेर. पाऊण तास त्या अंगणातल्या कडुलिंबाखाली येरझाऱ्या घालत होत्या. मी खिडकीतून बघत होते. प्रवचन कशावर होतं, विचारू नका.

उपासना संपल्यावर मी धावत जाऊन म्हटलं, "मावशी, सॉरी, माझ्यामुळे तुम्ही आत नव्हता. एवढ्या मोठ्या पदावरच्या..."

"पदच ते आहे," त्या म्हणाल्या. "अध्यक्षेची जागा शेवटच्या बाकावर, दाराजवळची. ज्याचं पोर रडेल ते तिचं."

मी बघतच राहिले. आमच्या मनमाडला अध्यक्षाबाई पहिल्या रांगेत बसायच्या, त्यांच्या खुर्चीला स्वतंत्र उशी होती!

मग मावशी जरा जवळ आल्या. आवाज खाली करून, पहिल्यांदाच थोड्या लाजून विचारलं, "स्नेहल, एक सांगशील? इतक्या वर्षांत मी एकाही प्रवचनाचा शेवट ऐकला नाही. शेवटी काय होतं गं?"

*

एकदा मंडळाने सेमिनार ठेवला. विषय, 'सेवक हाच पुढारी.' पुण्याहून एक मोठ्या बाई येणार होत्या, डॉक्टरेट वगैरे. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर माझ्याकडे. मी आदल्या दिवशी तीनदा चेक केलं, पेन ड्राइव्हच्या दोन कॉप्या काढल्या, एक ब्लाउजमध्ये ठेवली. शाल झाली, बुके झाला, पहिली स्लाइड लागली आणि लाइट गेली. शनिवार! शनिवारी आमच्या भागात शटडाऊन असतं, हे सोडून मी सगळं चेक केलं होतं.

मॅडम स्टेजवर अंधारात उभ्या. पाळकसाहेब म्हणाले, "आपण एक गीत घेऊ." तेवढ्यात मावशींचा आवाज, "गीत गाता गाता हात रिकामे कशाला? मॅडम, मटार सोलायचाय."

आणि त्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या हातात परात दिली! मॅडमनी माझ्याकडे सांभाळायला दिलेला बुके खाली पडला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, बहुधा प्रार्थनेसाठी. रेशमी साडीतल्या त्या मॅडमनी क्षणभर परातीकडे पाहिलं, मग किचनमध्ये जाऊन मांडी घालून सतरंजीवर बसल्या.

अर्ध्या तासाने लाइट आली. मी धावत किचनच्या दारात, "मॅडम, आली! लाइट आली!"

मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "आली असेल. एवढी परात होऊ दे."

ती स्लाइड भिंतीवर तशीच राहिली. संध्याकाळी निघताना मॅडम मावशींचा हात धरून म्हणाल्या, "किती वर्षं गावोगाव फिरतेय. सगळ्यांनी शाली दिल्या हो. काम आज पहिल्यांदा मिळालं!"

मला भरून आलं. मावशींना नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी लसूण आहे."

*

आता भांड्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

प्रीतिभोजनाला प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. जेवणं झाली की माणसं घरी जातात, भांडी राहतात. ती घासायची, पुसायची, भांड्यावर घातलेलं नाव बघून सोमवारी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायची, हे अध्यक्षेचं काम. रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून प्रत्येकात गुळाचा खडा. पंचवटी, सातपूर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प. चौदा वर्षं मावशी हे सिटी बसने करत होत्या! अलीकडे माझी स्कूटर. पुढे जोजो, मागे मावशी, हुकाला पिशवी. पिशवीत सगळ्यात खाली ते झाकण.

एका रविवारी लीलाकाकू भर मीटिंगमध्ये उठल्या. "ही मंडळ चालवते का वॉर्ड? आल्यागेल्याला हुकूम! आम्ही काय पेशंट आहोत का?" मावशींनी मिनिट्सच्या वहीत शांतपणे लिहिलं, 'लीलाताईंचं म्हणणं, हुकूम कमी करावेत. मान्य.' आणि मान वर करून म्हणाल्या, "पुढचा विषय घ्या." म्हणजे पुन्हा हुकूमच!

सोमवारी आम्ही भांडी घेऊन नाशिक रोडला, काकूंच्या दारात. दोन जिने. काकूंचं पातेलं मावशींनी बाहेर काढलं आणि मीच दचकले. वर्षानुवर्षांच्या काजळीने काळं झालेलं बूड आरशासारखं चमकत होतं!

काकूंनी पातेलं उलटंसुलटं केलं. "हे माझं नाही."

"नाव बघा."

काकूंनी नाव पाहिलं. चेहरा लाल. "अस्सं! म्हणजे माझी भांडी घाणेरडी असतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी मावशींकडे पाहिलं. वाटलं, आता मेट्रन बोलणार! ज्यांना पाहून म्हणे भलेभले डॉक्टर सिगारेट विझवायचे, त्या आता बोलणार!

मावशी म्हणाल्या, "चुकलं माझं, लीलाताई. माफ करा."

काय? मी जिन्यातच हबकून उभी. एक जिना उतरल्यावर राहवेना. "मावशी! त्यांनी भर सभेत तुमचा अपमान केला. तुम्ही पातेलं घासून दिलंत. आणि माफी तुम्ही मागितलीत?"

मावशी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. "दोन तास घासलं ते. तिला दिसावं म्हणून घासलं. माफी त्याची मागितली."

*

मीही एकदा सेवा करून पाहिली. लपवत नाही.

मावशींना ताप होता म्हणून एका रविवारची भांडी मी घरी आणली. सगळी घासली, उकळत्या पाण्यातून काढली (सवय!), ओट्यावर पिरॅमिड रचला, खिडकीतला उजेड बरोबर पडेल असा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ, 'सेवेची संधी दिल्याबद्दल प्रभूचे आभार.' आणि जोडलेले हात. तीन वेळा.

धडाधड प्रतिसाद! टाळ्या, फुलं, 'प्रभूची स्तुती असो', 'गॉड ब्लेस यू स्नेहल'. पाळकसाहेबांचासुद्धा अंगठा आला. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. मंगळवार संपत आला तरी बघत होते.

मंगळवारी संध्याकाळी मावशींचा मेसेज आला. दोन शब्द. "भांडी पोचली?"

मी स्वयंपाकघरात धावले. पिरॅमिड ओट्यावर तसाच!

लगेच खाली लीलाकाकूंचा व्हॉइस मेसेज, सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल असा. "अगं बाई! तो डावीकडचा कुकर माझाय! मी दोन दिवस घरभर शोधतेय, डाळ पातेल्यात शिजवतेय, आणि हा इथं फोटो काढून घेतोय होय!"

*

सोनाबाईंचा किस्सा मात्र मी कोणाला सांगितला नव्हता.

सोनाबाई हरसूलकडच्या. गंगापूर रोडच्या बाजूला एका बिल्डिंगच्या साइटवर काम करतात. प्रीतिभोजनाला त्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणतात, फडक्यात बांधून. भांडं नाही, त्यामुळे परत करायला काही नाही, त्यामुळे सोमवारी त्यांच्याकडे कोणी जात नव्हतं. इतकं साधं, पण एवढ्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मावशींच्यासुद्धा.

लक्षात आलं तशी मावशींनी पुढच्या वेळी ते फडकं मागून घेतलं. धुतलं, स्टार्च केलं, इस्त्री केली, गुळाचा खडा ठेवून चौकोनी घडी केली. सोमवारी स्कूटर साइटवर.

सोनाबाईंनी ते कडक फडकं हातात घेतलं आणि खळाळून हसल्या. "बाय, हे फडकं हाय का पापड?" मावशीही हसल्या. मग वाळूच्या ढिगावर बसल्या. त्या स्टार्चच्या साडीने, वाळूवर! इकडे सोनाबाईंनी जोजोच्या हातात भाकरीचा तुकडा दिलेला, तो वाळूत पडलेला, तो जोजोने उचलून तोंडात घातलेला. मी मनातल्या मनात जंतूंची नावं घेत होते, एबीसीडीप्रमाणे.

मावशी म्हणाल्या, "सोनाबाई, माझे गुडघे फार दुखतात. प्रार्थना कर माझ्यासाठी."

मी चमकले. प्रार्थना मावशींनी करायची, आम्ही डोळे मिटायचे, असंच आजवर चालत आलेलं!

"मला नाय येत बाय तुमच्यासारखी."

"माझ्यासारखी नकोच. तुझ्यासारखी कर."

सोनाबाईंनी हातावरचं सिमेंट पदराला पुसलं, मावशींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देवा, हिचं गुडघं लय दुखतात. हिला आता बसव. दुसरं कोण तरी उठव. आमेन."

संपली प्रार्थना! मी डोळे उघडले तर मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. अजिबात बघत नव्हत्या. मान पार दुसरीकडे वळवून काँक्रीटच्या मिक्सरकडे बघत होत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

*

आणखी एक, छोटासा. मावशी खोटं बोलत नाहीत. ही त्यांची सवय मंडळाला फार महागात पडते. पाळकसाहेबांच्या वाढदिवसाचा केक मीच केला होता. सगळ्यांनी "मस्त!" म्हटलं. मावशी म्हणाल्या, "दात चांगले आहेत म्हणून खाल्ला."

तर गेल्या महिन्यात जोजो माझ्या डोळ्यांसमोर पायरीवरून पडली. टेंगूळ आलं, बाकी काही नाही, पण मी दिवसभर थरथरत होते. ज्याला त्याला विचारत सुटले, "मी वाईट आई आहे का हो?" सगळे म्हणाले, "छे गं, किती छान आई आहेस!" मला काही बरं वाटेना. शेवटी मावशींना फोन केला.

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. कोणी असल्या प्रश्नावर विचार करतं का?

"घाबरट आहेस," मावशी म्हणाल्या. "पण पळून जात नाहीस."

*

तर अशी माझी यादी. शनिवारी दुपारी मी ती वाचून काढली आणि निर्णय पक्का झाला. नाही म्हणायचं. कुठे त्या आणि कुठे मी! आणि अठ्ठावीस बायकांसमोर नाही म्हणण्यापेक्षा आधी मावशींना घरी जाऊन सांगावं, तेवढा तरी प्रामाणिकपणा. "पळून जात नाहीस" म्हणाल्या होत्या ना. म्हटलं, समोर जाऊन पळू.

निमित्तही होतं. सोमवारच्या फेरीनंतर मावशींची पिशवी माझ्या स्कूटरच्या हुकालाच राहिली होती, आत ते झाकण. रिकामी पिशवी परत करायची नाही म्हणून मी रव्याचे लाडू केले. ते वळले जाईनात, म्हणून त्याचा शिरा म्हणून डबा भरला.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. मी एका हातात जोजो, एका हातात पिशवी, आणि प्रत्येक पायरीवर वाक्य पाठ करत. 'मावशी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण.' 'मावशी, जोजो अजून लहान आहे, तेव्हा.' दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. त्या दर सोमवारी भांडी घेऊन हे चढत-उतरत होत्या! तो विचार मी घाईने पुसून टाकला.

"उघडंच आहे," आतून आवाज.

मावशी खुर्चीत. दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज, पाय स्टुलावर. मी त्यांना कधी पाय वर करून बसलेलं पाहिलं नव्हतं. मला एकदम कोणाच्या तरी आंघोळीच्या वेळी दार उघडल्यासारखं ओशाळवाणं झालं.

"बस. काय ते सांग."

"आधी चहा करते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात पळाले.

जोजोचं सध्या एकच वेड आहे, झाकणं. घरातला एकही डबा ती उघडा ठेवत नाही. तिने पिशवीतून ते झाकण कधी काढलं, मला कळलं नाही. मी ओट्यावर चहाचं आधण ठेवत होते. खाली मांडणीवर दुधाचं एक जुनं पातेलं होतं, त्यावर झाकायला ताट. जोजोने ते ताट काढून जमिनीवर ठेवलं आणि हातातलं झाकण पातेल्यावर लावलं.

टक्क!

"बसलं!" जोजो ओरडली आणि टाळ्या पिटायला लागली.

मी खाली बघितलं. झाकण पातेल्यावर असं बसलं होतं, काठाला काठ, जसं काही कधी उठलंच नव्हतं. मी ते उचललं. परत लावलं. परत टक्क! पातेल्याच्या काठावर, पुसट झालेलं, नाव घातलेलं होतं. 'सुशीला'.

चहाचं आधण उकळून उतू चाललं होतं. चौदा वर्षं! लीलाकाकूंच्या दारात, माझ्या दारात, कोणाकोणाच्या दारात! मी आठवायला लागले, त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या. 'हे झाकण तुझं का बघ.' एवढंच. 'माझं नाही' असं कधीच नाही; खोटं एक अक्षर नाही.

मी गॅस बंद केला. एका कडेवर जोजो, एका हातात झाकण, बाहेर आले. पाठ केलेलं एकही वाक्य डोक्यात शिल्लक नव्हतं. मी मावशींच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"मावशी, हे झाकण तुमचं का?"

मावशींनी झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, जणू मला यायला उशीर झाला होता.

"आता तुझं," त्या म्हणाल्या. "आणि दुधावर ते ताट ठेवून ये परत. मांजर येतं."